उरलेली मुदत

माझ्या अत्तेचं नाव कस्तुरी. बेंगळुरातल्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत आत्याला अत्तेच म्हणतात, शेजारच्या कन्नडाचा तेवढा गुण लागलेला आहे. ती सरकारी कचेरीत लघुलेखक होती, कन्नड आणि इंग्रजी दोन्हींची. लग्न केलं नव्हतं. बसवनगुडीतल्या एका मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत, ती आणि माझे आजोबा व्यंकोजीराव असे दोघंच राहत. आजोबांना आम्ही ताता म्हणायचो. त्र्याण्णव साली त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि तेव्हापासून अत्तेचा दिवस त्यांच्या अंथरुणाभोवती फिरू लागला. तिची कचेरी घरापासून चालत बारा मिनिटांवर होती. दुपारी एकला ती घरी यायची, तातांना भरवायची, त्यांची कूस बदलून द्यायची आणि दोनच्या आत पुन्हा टाइपरायटरसमोर बसायची. एवढ्या एका सोयीवर ते घर चाललं होतं.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये तिच्या टेबलावर हुकूम आला. राज्याच्या उत्तर टोकाला, महाराष्ट्राच्या हद्दीशी, कोंगळी नावाचा मतदारसंघ होता. तिथून पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या आमदार विठाबाई यांच्याकडे स्वीय सहायक म्हणून तिला पाठवलं जात होतं. बाईंना कन्नड बाजारापुरतं बोलता येतं, वाचता अजिबात येत नाही, तेव्हा मराठी जाणणारी स्त्री कर्मचारी द्यावी, अशी मागणी आली होती. सगळ्या खात्यात तशी अत्ते एकटीच निघाली.

ती साहेबांकडे गेली. "किती दिवसांसाठी, सर?"

"लिहिलंय की त्यात. सदस्यत्व असेपर्यंत, किंवा पुढचा हुकूम येईपर्यंत."

"म्हणजे कधीपर्यंत?"

"आमदार किती वर्षांचा असतो कस्तुरी? पाच."

"माझे वडील अंथरुणाला आहेत."

"मग अर्ज द्या," साहेब म्हणाले आणि पुढची फाइल ओढली.

तिनं अर्ज दिला. त्या अर्जाचं उत्तर कधीच आलं नाही. दुसरा दिला, तिसरा दिला, त्यांचंही नाही.

आमदार निवास विधानसौधाच्या, म्हणजे विधानभवनाच्या, बाजूला. एक बस मार्केटपर्यंत, तिथून दुसरी. दुपारी घरी येणं संपलं. सकाळी आठला ती तातांचं सगळं उरकायची, पाण्याचं भांडं त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायची आणि दाराला बाहेरून कुलूप लावून निघायची. किल्ली शेजारच्या कमलम्मांकडे असायची. त्या एकच्या सुमाराला येऊन भरवून जात, परत कुलूप लावत. "माणसाला कोंडून मी नोकरीला जाते," असं अत्ते एकदा माझ्या वडिलांना म्हणाली होती. आम्ही जे. पी. नगरात राहायचो, आमच्या घरात तेव्हा जागा नव्हती, आणि वडील त्यावर काही बोलले नव्हते.

आमदार निवासातल्या खोलीत पहिल्या दिवशी तिला दोघं भेटले. खुर्चीत बसलेले होते ज्योतिबा, बाईंचे दीर. पलंगाच्या कडेला, डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या त्या विठाबाई. चाळिशीच्या आतबाहेरच्या. त्यांचे यजमान रघुजी चौऱ्याण्णवला निवडून आले आणि वर्षाच्या आत हृदयविकारानं गेले. रिकाम्या जागेवर ज्योतिबांना उभं राहायचं होतं. पण विधवेला मतं जास्त पडतील असा पक्षाचा हिशेब निघाला, आणि चार महिने घराबाहेर न पडलेल्या बाईला जीपमध्ये उभं करून गावोगाव हात जोडायला लावलं. त्या निवडून आल्या. कारभार ज्योतिबांकडे आला.

"वैनींना यातलं काही कळत नाही, मॅडम," ज्योतिबा अत्तेला म्हणाले. "मी सांगेन ते टाइप करायचं. सहीसाठी थांबायला नको म्हणून आधीच करून ठेवल्यात." त्यांनी आमदारांच्या नावाचे छापील कागद टेबलावर ठेवले. शंभरेक असतील. सगळे कोरे आणि प्रत्येकाच्या तळाशी मोठ्या, थरथरत्या मराठी अक्षरांत सही.

ते गेल्यावर विठाबाई पहिल्यांदा बोलल्या. "मला इथं पाच वर्षं काढायचीत का हो? भाऊजी पाच म्हणाले."

अत्ते हुकमातला प्रत्येक शब्द वाचणारी बाई. तिनं आदल्या आठवड्यात हे सगळं शोधून ठेवलं होतं, स्वतःसाठी. "नाही, बाई. पाच वर्षं सभागृहाची असतात, माणसाची नाहीत. पहिल्या बैठकीपासून मोजतात. ही विधानसभा चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात बसली. तुमच्या यजमानांच्या वाट्याचं आणि जागा रिकामी होती तेवढं वजा करायचं. उरलेलं तुमचं."

"उरलेलं किती?"

"नव्व्याण्णवच्या डिसेंबरापर्यंत. साडेतीन वर्षं. मधेच सभा बरखास्त झाली तर त्याच्याही आधी."

विठाबाई थोडा वेळ बोटांवर काही मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला पण तेवढंच का?"

"मलाही तेवढंच."

"मग तुम्हाला पण नको होतं म्हणा की हे," त्या म्हणाल्या आणि पदर खांद्यावर घेऊन पहिल्यांदा नीट बसल्या.

त्यांची पंधरा वर्षांची मुलगी भव्या कोंगळीला ज्योतिबांच्या घरी राहत होती. तिला इथं आणायचं का, असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. शाळा बुडेल, असं दोन्ही वेळा उत्तर मिळालं. आठवड्यातून एकदा फोनवर बोलणं व्हायचं आणि फोन ज्योतिबांच्या बैठकीच्या खोलीत होता.

दिवस जायचे तसे जात. अधिवेशन असेल तेव्हा विठाबाई शेवटून दुसऱ्या बाकावर बसत. पक्षाचे बाकीचे हात वर करत तेव्हा त्याही करत. दोन वर्षांत त्या सभागृहात एक शब्द बोलल्या नाहीत, त्यांना कुणी काही विचारलंही नाही. अधिवेशन नसेल तेव्हा दोघी त्या खोलीत. ज्योतिबांचा फोन येईपर्यंत थांबायचं. खाली जायचं नाही, कुणाला आत घ्यायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. लांबलचक दुपारी घालवायच्या कशा, म्हणून अत्तेनं त्यांना कन्नड अक्षरं शिकवायला घेतली. वर्तमानपत्राच्या मथळ्यांवर बोट ठेवून त्या वाचायला लागल्या आणि मग दिल्लीच्या बातम्यांचा नाद लागला.

दिल्लीत त्या काळात सरकारं टिकत नव्हती. शहाण्णवच्या मे महिन्यात एक तेरा दिवसांत गेलं होतं. त्यानंतर आणखी दोन येऊन गेली, आणि सत्त्याण्णवच्या डिसेंबरात लोकसभाच मोडली. पाच वर्षांसाठी निवडलेली माणसं दीड वर्षात घरी निघाली. त्या सकाळी विठाबाई दारातच उभ्या होत्या.

"अक्का, मोडली. लोकसभा मोडली. आता आपलीपण मोडेल ना?"

"ती वेगळी, ही वेगळी," अत्तेनं सांगितलं. "त्यांची त्यांच्या पंतप्रधानावर, आपली आपल्या मुख्यमंत्र्यावर अवलंबून. इथं बहुमत आहे. इथलं कुणी मोडत नाही."

"त्यांना कसं बाई लवकर जाता येतं," विठाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पेपर वाचला नाही. अत्तेनं त्यांना धीर दिला नाही, कारण सकाळी बसमध्ये तिच्याही मनात तेच आलं होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती.

त्याच थंडीत एका नर्सबद्दलचं पत्र उघडकीला आलं. कोंगळीच्या सरकारी दवाखान्यात एक नर्स होती. ज्योतिबांच्या एका माणसाला तिनं खोटा दाखला मिळवून द्यायला नकार दिला. ज्योतिबांनी फोनवर चार ओळी सांगितल्या, अत्तेनं त्या सही केलेल्या कागदावर टाइप केल्या आणि महिन्याभरात नर्सची बदली दोनशे किलोमीटरवर झाली. तिचं मूल सहा महिन्यांचं होतं. भव्यानं हे आईला फोनवर सांगितलं, अर्धवट, हळू आवाजात.

विठाबाईंनी फोन ठेवला. "त्या पत्रावर माझी सही होती म्हणे."

"होती."

"टाइप कुणी केलं?"

"मी."

"मला सांगितलं नाही तुम्ही."

"नाही सांगितलं," अत्ते म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यानं सांगितलेलं बिनचूक उतरवायचं हेच तिचं काम होतं आणि त्यात ती चांगली होती. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं तातांना झोपवलं आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी उरलेले सही केलेले कागद तिनं विठाबाईंच्या समोर फाडले. यापुढं प्रत्येक पत्र आधी मराठीत वाचून दाखवायचं, मग टाइप करायचं, मग सही, असं तिनं ठरवलं.

ज्योतिबा हे ऐकून हसले. "वाचा की. सही तर करणारच आहेत." आणि ते खरं होतं. विठाबाई ऐकायच्या, भव्या कुठं राहते ते आठवायच्या आणि सही करायच्या. आता काय होतंय ते कळत होतं, एवढाच फरक पडला. अत्तेच्या मते त्यामुळे ते दिवस आणखी जड झाले.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर कन्याशाळेच्या मैदानाचं प्रकरण निघालं. कोंगळीच्या मधोमध मुलींच्या शाळेचं मोठं मैदान होतं. ते शाळेला लागत नाही असं ठरवून तिथं दुकानांची इमारत बांधायची, असा ज्योतिबांचा बेत होता. जिल्ह्याच्या समितीपुढं पुढच्या फेब्रुवारीत सुनावणी होती आणि स्थानिक आमदारानं स्वतः हजर राहून तोंडी सांगायचं होतं. पत्र चालणार नव्हतं. विठाबाई त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या आणि भव्याही तिथलीच.

"हे मी बोलणार नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. अत्ते तिथंच बसली होती. तिच्या सांगण्याप्रमाणे आवाज अगदी बारीक होता.

ज्योतिबा रागावले नाहीत. "नका बोलू. राजीनामा द्या. सहा महिन्यांत पोटनिवडणूक लागेल, मी उभा राहतो आणि मीच बोलतो. माझं काही अडत नाही, वैनी. भव्याचं मात्र बघायला लागेल. माझ्या मेहुण्याच्या घरून विचारलंय तिला. बारावीपर्यंत थांबायची गरज काय?"

ते गेल्यावर विठाबाई म्हणाल्या, "राहिले तर बोलायला लागतं. गेले तर तो येतो."

यावरचं उत्तर विधानमंडळाच्या ग्रंथालयात सापडलं. तिथं कृष्णमूर्ती नावाचे एक वयस्कर कर्मचारी होते. अत्ते त्यांच्याकडे नियमांची पुस्तकं बघायला जायची. राजीनामा कसा द्यावा एवढंच तिला शोधायचं होतं. कृष्णमूर्तींनी सहज विचारलं, "आता? की जानेवारीनंतर?"

"फरक काय पडतो?"

"पडतो. शहाण्णवला कायदा बदलला. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची, पण उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर पोटनिवडणूक घ्यायची गरज नाही. जागा तशीच रिकामी राहते." त्यांनी पान उघडून दाखवलं. अत्तेनं ते कलम तीनदा वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं.

ही सभा नव्व्याण्णवच्या डिसेंबरात संपणार. म्हणजे अठ्ठ्याण्णवचा डिसेंबर सरला की उरलेली मुदत वर्षाच्या आत. जानेवारीत राजीनामा दिला तर कोंगळीला वर्षभर आमदारच नसेल. ज्योतिबाही नाही. फेब्रुवारीच्या सुनावणीला कुणीच नाही.

"पण तोपर्यंत भव्या इथं यायला हवी," विठाबाई म्हणाल्या.

तीन महिने त्यांनी ज्योतिबांना भासवलं की आपण बोलायला तयार आहोत. अत्तेनं मैदानाबद्दलचं निवेदन टाइप केलं, विठाबाईंनी ते ज्योतिबांसमोर म्हणून दाखवलं, अडखळत. ते खूश झाले. डिसेंबरात विठाबाईंनी अट घातली, की एवढं करतेय तर मुलीला आठ दिवस विधानसौध बघायला पाठवा. ज्योतिबा स्वतः तिला घेऊन आले आणि दोन दिवसांनी कामासाठी परत गेले. भव्याचे शाळेचे दाखले तिच्या स्वेटरच्या घडीत होते. आईनं फोनवर एकदाच सांगितलं होतं, "थंडी आहे, सगळं घेऊन ये," आणि पोरीला कळलं होतं.

राजीनामा स्वतःच्या हातानं लिहायचा होता. विठाबाईंनी तो कन्नडात लिहिला. दोन ओळी. त्यासाठी चार कागद फुकट गेले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघी अध्यक्षांच्या कचेरीत गेल्या. अत्तेला बाहेर थांबायला सांगितलं, कारण कुणाच्या दबावाखाली देत नाही ना, हे अध्यक्ष विठाबाईंना एकटीलाच विचारणार होते. वीस मिनिटं अत्ते बाकावर बसून होती. ती म्हणायची, की त्या वीस मिनिटांत तिला खात्री झाली होती की बाई आत घाबरून परत फिरणार. मग दार उघडलं. विठाबाई बाहेर आल्या, पायातली चप्पल सरळ केली आणि म्हणाल्या, "झालं."

"काय विचारलं?"

"का देता म्हणाले. घरी काम आहे म्हटलं."

सदस्यत्व संपलं तसा अत्तेचा हुकूमही त्या दिवशी संपला. पाच दिवस ती तिच्या जुन्या टेबलावर बसली. पाचही दिवस दुपारी घरी जाऊन तिनं स्वतः कुलूप उघडलं.

सहाव्या दिवशी ज्योतिबा बसवनगुडीला घरीच आले. आत येऊन तातांच्या पलंगाकडे बघितलं आणि उभ्याउभ्याच बोलले. "वैनींच्या डोक्यात एवढं येत नाही, मॅडम. हे कलम तुम्ही काढलंत."

"छापलेलं आहे ते," अत्ते म्हणाली. "कुणालाही वाचता येतं."

"वर्षाचाच प्रश्न आहे. वर्षानं तर निवडणूक येणारच. मी थांबू शकतो. तुम्ही कुठं थांबणार ते बघतो."

पुढच्या पंधरवड्यात तिची बदली रायचूरला झाली. प्रशासकीय कारणासाठी, असं हुकमात होतं. रात्रभराच्या प्रवासावर. तातांना तिथल्या उन्हात हलवणं शक्य नव्हतं. माझ्या वडिलांनी या वेळी मात्र बोलणं टाळलं नाही. आमच्या पुढच्या खोलीतला दिवाण बाहेर निघाला आणि तिथं तातांचा पलंग आला.

फेब्रुवारीची सुनावणी आमदाराविना पुढं ढकलली गेली. एप्रिलात दिल्लीची लोकसभा पुन्हा मोडली, वर्षभरातच. जुलैत आमची विधानसभाही मुदतीच्या पाच महिने आधी बरखास्त झाली. सप्टेंबरात दोन्ही निवडणुका एकदम झाल्या. ज्योतिबा उभे राहिले आणि सातशे मतांनी निवडून आले. मैदानाची फाइल पुन्हा उघडली, पण मधल्या काळात शाळेच्या मुख्याध्यापिकेनं कोर्टात जाऊन अर्ध्या भागावर मनाई आणली होती. अर्धं गेलं. अर्धं राहिलं.

विठाबाई परत कोंगळीला गेल्या नाहीत. जे. पी. नगरात मुलींच्या एका वसतिगृहात त्यांना देखरेखीची नोकरी आणि एक खोली मिळाली. भव्या तिथंच कॉलेजला जाऊ लागली. आठवड्यातून दोनदा विठाबाई आमच्याकडे यायच्या, माझ्या आईला मोकळं करायच्या, तातांचं अंग पुसायच्या, त्यांना कन्नड पेपर मोठ्यानं वाचून दाखवायच्या. चुका व्हायच्या. ताता डोळे मिटून ऐकायचे आणि चूक झाली की डावा हात थोडा हलवायचे.

त्या दिवाळीत मी आणि वडील रायचूरला गेलो. अत्तेची खोली पत्र्याच्या छपराची होती. ती बदलीसाठी नवा अर्ज टाइप करत होती, कचेरीतून आणलेल्या जुन्या यंत्रावर. वडील म्हणाले, "आता तरी होईल का गं?"

"नवी सभा ऑक्टोबरात बसली, विठोजी," ती म्हणाली. "ज्योतिबा त्यात आहे, आणि बहुमत पक्कं आहे."

"मग कशाला लिहितेस?"

"लिहायचं. नोंद राहते."

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मी विचारलं, की त्या बाईंना कलम दाखवलं नसतंस तर आत्ता घरी असतीस, याचं तुला काही वाटतं का.

"वाटतं की," अत्ते म्हणाली. "रोज वाटतं, श्वेता." तिनं कागद यंत्रातून काढला, वाचला, एका शब्दातली चूक पेनानं दुरुस्त केली आणि खाली सही केली.

तो अर्जही नामंजूर झाला. पण या वेळी उत्तर आलं होतं.